औषध लागू पडलं, पण नेमकं कुणाला?

मेद वाढला की गुग्गुळ, हे आपल्याकडे घरोघरी ऐकलेलं असतं. हा डिंक राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा. 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी आयुर्वेदातल्या मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं असं दाखवलं. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुगुलिपिड तयार केलं आणि 1980च्या दशकाच्या शेवटी ते देशात औषध म्हणून विकायला आलं. 2002 साली अमेरिकेतल्या एका गटाने 'सायन्स' या नियतकालिकात त्यामागचं कारणही मांडलं. गुग्गुळातला गुगुलस्टेरॉन हा रेणू यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे ठरावीक रेणू चिकटला की कामाला लागणाऱ्या प्रथिनाला, अडवतो, असं ते म्हणाले. त्यांनी एफएक्सआरचं जनुकच काढून टाकलेले उंदीर घेतले. गुगुलस्टेरॉन देऊनही त्यांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल उतरलं नाही. साध्या उंदरांचं उतरलं. पुरावा असावा तर असा, असंच कुणालाही वाटेल.

पुढच्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 103 माणसांवरच्या चाचणीचे आकडे आले. आठ आठवडे गुगुलिपिड घेतलेल्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला डॉक्टर वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, उतरण्याऐवजी चार-पाच टक्के चढलं होतं. आणि 2005 साली आणखी एक भानगड बाहेर आली. शरीरातल्या मिठाचं गणित सांभाळणारा मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर आहे, त्याला हाच गुगुलस्टेरॉन एफएक्सआरपेक्षा शंभरपटीहून अधिक घट्ट धरतो. इतर काही स्टिरॉइड रिसेप्टरांशीही त्याची सलगी आहे. एफएक्सआरवरचं काम कुणी खोटं ठरवलं नाही. पण हा रेणू एकाच घरी जाणारा नाही, हे तोवर कुणी नीट तपासलंच नव्हतं.

एफएक्सआर हा तरी ओळखीचा रिसेप्टर. त्याच्याच, म्हणजे न्यूक्लिअर रिसेप्टरांच्या कुळात असेही काही सदस्य आहेत ज्यांच्यावर जेमतेम काम झालंय, ज्यांना शरीरातला कोणता रेणू चालवतो हेसुद्धा पक्कं ठाऊक नाही. अशांसाठी रेणू शोधायला निघालं की परिणाम दिसणं ही त्यातली सोपी पायरी असते. तो परिणाम त्याच रिसेप्टरमुळे झाला, हे सिद्ध करण्यात वर्षं जातात.

हे कुळ कोणतं

माणसात न्यूक्लिअर रिसेप्टर 48 आहेत. (मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलिगन्स या मातीतल्या जंतात ते अडीचशेहून जास्त आहेत. त्याला एवढे कशाला लागतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.) कोविडच्या काळात ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांच्या कामी आलेलं डेक्सामेथासोन, सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची गोळी, स्तनाच्या कर्करोगातलं टॅमॉक्सिफेन, मधुमेहातलं पायोग्लिटाझोन, ड जीवनसत्त्वाची पुडी: ही सगळी या कुळातल्या कुणा ना कुणावर काम करतात. 2017 साली मान्यताप्राप्त औषधांची एक मोठी मोजदाद झाली होती. तीत लहान रेणूंच्या औषधांपैकी सुमारे 16 टक्के औषधं न्यूक्लिअर रिसेप्टरांवर चालणारी निघाली. लहान रेणू म्हणजे गोळीतून पोटात गेल्यावर रक्तात उतरू शकणारे आणि पेशीत शिरू शकणारे. इन्सुलिन किंवा अँटिबॉडी यांच्यासारखी अगडबंब प्रथिनं त्यात येत नाहीत. ती बहुधा टोचूनच घ्यावी लागतात.

बहुतेक रिसेप्टर पेशीच्या आवरणावर बसतात आणि बाहेरचा निरोप आत कळवतात. न्यूक्लिअर रिसेप्टर आधीपासून पेशीच्या आतच असतात. काही केंद्रकाबाहेर थांबलेले, काही थेट डीएनएवर ठाण मांडून बसलेले. कॉर्टिसॉल किंवा इस्ट्रोजेनसारखा रेणू आत येऊन चिकटला की रिसेप्टर स्वतःच जनुकाशेजारी बसून ते जनुक किती जोरात चालवायचं ते ठरवतो. मध्ये दलाल नाही. डेक्सामेथासोनची एक बारीकशी गोळी साखर, झोप, भूक, सूज आणि हाडं अशा सगळ्यांवर हात का फिरवते, त्याचं उत्तर इथे आहे. तिने एकाच वेळी कितीतरी जनुकांचा कारभार बदललेला असतो.

या प्रथिनाचे दोन भाग आपल्या कामाचे. एक भाग डीएनए धरतो आणि त्याचा आकार जस्ताच्या दोन अणूंनी टिकवलेला असतो. दुसरा भाग रेणू धरतो. हा दुसरा भाग साधारण बारा मळसूत्री वळणांची घट्ट गुंडाळी असते आणि तिच्या पोटात एक खोबण असते. बारावं वळण टोकाचं आणि हलतं. योग्य रेणू खोबणीत बसला की ते डब्याच्या झाकणासारखं वर येऊन बसतं. झाकण बसलं की बाहेरच्या अंगाला एक खाच तयार होते आणि त्या खाचेत जनुक चालवणारी मदतनीस प्रथिनं अडकतात. रेणूचा बाकीचा सगळा प्रताप या एका हालचालीतून सुरू होतो.

झाकण अर्धवट बसवणारे रेणू असतात, ते अजिबात बसू न देणारेही असतात. टॅमॉक्सिफेनचं शेपूट खोबणीबाहेर डोकावतं आणि झाकणाला आडवं येतं, म्हणून स्तनातल्या पेशींत इस्ट्रोजेनचं काम थांबतं. काही रिसेप्टर रेणूविनाही थोडे चालूच असतात. त्यांना खाली आणणारे रेणू आणखी वेगळे. शिवाय एकच रेणू एका अवयवात रिसेप्टर चालवतो आणि दुसऱ्यात अडवतो, कारण मदतनीस प्रथिनं जागोजागी वेगळी असतात. याचं अगदी देशी उदाहरण म्हणजे ऑर्मेलॉक्सिफेन. लखनौच्या त्याच संस्थेत जन्मलेली ही बिनस्टिरॉइडची गर्भनिरोधक गोळी 'सहेली' म्हणून आली आणि 2016पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात 'छाया' या नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. गर्भाशयात ती इस्ट्रोजेनला अडवते, हाडांच्या बाबतीत मात्र इस्ट्रोजेनच्या बाजूने झुकते. अशा रेणूंना 'चालू करणारा' किंवा 'बंद करणारा' म्हणून भागत नाही, म्हणून त्यांना मॉड्युलेटर म्हणतात.

अनाथ रिसेप्टर

सुरुवातीला क्रम सरळ होता. संप्रेरक आधी ठाऊक असे, रिसेप्टर मागून सापडे. शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजनची खूण केलेलं इस्ट्रोजेन वापरलं आणि ते गर्भाशयातल्या पेशींत जाऊन टिकून राहतं असं दाखवलं. त्याला धरून ठेवणारं काहीतरी तिथे असलं पाहिजे, हा त्यांचा तर्क. 1985 साली कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरचं जनुक वाचलं आणि क्रम उलटा झाला. डीएनए धरणारा भाग सगळ्या कुळात इतका सारखा आहे की त्याच्या आधाराने भाऊबंद हुडकता येऊ लागले. 1988 साली इव्हान्स यांच्याच प्रयोगशाळेतून इस्ट्रोजेन रिसेप्टरशी मिळतीजुळती दोन जनुकं बाहेर आली. त्यांची प्रथिनं इस्ट्रोजेनला मात्र दाद देईनात. मग ती कुणाची? अशांना 'अनाथ रिसेप्टर' हे नाव पडलं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत बऱ्याच अनाथांचे पालक सापडले. पीपीएआर-गॅमाला मेदाम्लं आणि मधुमेहाची ग्लिटाझोन गटातली औषधं चिकटतात हे कळलं, एफएक्सआरला पित्ताम्लं, एलएक्सआरला कोलेस्टेरॉलपासून बनलेले रेणू. 1998 साली सापडलेला पीएक्सआर तर कुठल्याही परक्या रेणूला जागा देतो आणि यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवतो. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन त्याला माणसात चालवतं, उंदरात जवळजवळ नाही. रिफॅम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका असं डॉक्टर बजावतात ते याच्यामुळे: गोळीतली संप्रेरकं यकृत भराभर मोडून टाकतं. नवीन औषध शोधणारे रसायनज्ञ पीएक्सआरला घाबरून असतात आणि त्यांनी घाबरावंच.

उरले ते अवघड. काहींची खोबणच दिसत नाही. डॅक्स-1 आणि एसएचपी या दोघांना डीएनए धरणारा भागच नाही. कूप-टीएफ-2ची 2008 साली आलेली रचना पाहिली तर त्याचं झाकण मदतनीस प्रथिनांच्याच खाचेत घुसून बसलेलं दिसतं, म्हणजे गडी स्वतःच स्वतःची वाट अडवून बसलाय. दुसरं कारण संशोधकांच्या स्वभावातलं आहे. 2011 साली 'नेचर'मध्ये ॲलेड एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी मांडलं की मानवी जनुकसंच वाचून झाल्यावरही लोक आधी ज्या प्रथिनांवर काम करत होते त्यांच्यावरच करत राहिले. न्यूक्लिअर रिसेप्टरांच्या बाबतीत त्यांना दिसलं की ज्याच्यासाठी चांगला रेणू हाताशी आहे त्याच्यावर निबंधांचा पाऊस पडतो, बाकीचे कोरडे राहतात. मग रेणू नाही म्हणून कुणी काम करत नाही, आणि काम नाही म्हणून रेणू बनवायला पैसे मिळत नाहीत. यात कुठल्याही रिसेप्टरचं महत्त्व कमी ठरलं असं नव्हे. कुणी विचारलंच नाही, एवढंच.

नर1 आणि एक प्लेट

या ओढाताणीचं उत्तम उदाहरण म्हणजे नर1 (Nurr1) हा अनाथ रिसेप्टर. कारकिर्दीची सुरुवातच दमदार: 1997 साली नर1चं जनुक काढलेले उंदीर जन्मले, तर त्यांच्या मध्यमेंदूत डोपामीन बनवणाऱ्या पेशीच नव्हत्या. पार्किन्सनमध्ये मरतात त्या याच पेशी. म्हणजे नर1ला चालना देणारी गोळी मिळाली तर केवढी मोठी गोष्ट! पण 2003 साली त्याच्या रेणू धरणाऱ्या भागाची स्फटिक-रचना (प्रथिनाचा स्फटिक करून काढलेला आकार) आली आणि उत्साहावर पाणी पडलं. जिथे खोबण असायला हवी तिथे जाडजूड, तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं गच्च भरलेली होती. पाण्याच्या रेणूलाही जागा नाही. हा रिसेप्टर रेणूवर चालतच नाही, असं अनेकांनी धरून टाकलं.

स्फटिकात प्रथिन गोठलेलं असतं, द्रावणात ते हलतं. 2019 साली एनएमआर (अणूंचे चुंबकीय संकेत टिपणारी पद्धत) आणि इतर पद्धतींनी पाहिल्यावर दिसलं की नर1ची बंद दिसणारी जागा फुगू शकते आणि काही मेदाम्लांना आत घेऊ शकते. त्याच सुमारास पृष्ठभागावरची आणखी एक जागा पुढे आली. डोपामीनपासून शरीरातच बनणारा एक छोटा पदार्थ नर1च्या 566व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचा जोडला जातो. प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रेणूंपैकी काहीसुद्धा तिथेच जोडले जातात.

आता प्रत्यक्ष रेणू शोधतात कसे, ते जवळून पाहू. नर1 संपूर्ण घेतला तर पेशीतली हजार प्रथिनं त्याच्या मध्ये येतात. म्हणून त्याचा फक्त रेणू धरणारा भाग कापतात आणि यीस्टमधल्या गॅल4 या प्रथिनाच्या डीएनए धरणाऱ्या भागाला जोडतात. पेशीत सोबत आणखी एक जनुक टाकतात: काजव्याच्या प्रकाशाचं, म्हणजे ल्युसिफरेजचं. त्याच्या पुढे गॅल4च ओळखेल अशी खूण असते. माणसाच्या पेशीत दुसरं कुणी ही खूण वाचत नाही. आता 384 खळग्यांच्या प्लेटमध्ये या पेशी वाढवायच्या, प्रत्येक खळग्यात एक रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवून थेंबभर टाकायचा, रात्रभर थांबायचं, सकाळी पेशी फोडून प्रकाश मोजायचा. रेणूने नर1 चालवला असेल तर खळगा जास्त उजळतो. अशा उजळलेल्या खळग्याला प्रयोगशाळेत 'हिट' म्हणतात, आणि पहिल्या दिवशीची हिटची यादी बघून फार हुरळून जायचं नसतं.

कारण खळगा उजळायला बाकी वाटा पुष्कळ आहेत. सगळ्यात लबाड वाट अशी: रेणू ल्युसिफरेजलाच चिकटून त्याला अडवतो. मग प्रकाश कमी व्हायला हवा ना? होतो उलटा. चिकटलेला रेणू त्या एन्झाइमला पेशीत मोडण्यापासून वाचवतो, रात्रभरात एन्झाइम साचत जातं, आणि सकाळी भरपूर इंधन ओतून मोजलं की आकडा चढलेला दिसतो. अटाल्युरेन या औषधाच्या मूळ शोधावर 2009 साली नेमका हाच आक्षेप घेतला गेला होता. याशिवाय काही रेणू पाण्यात विरघळत नाहीत, गोळे करून प्रथिनांना नुसते लपेटतात. काही पेशीला विष घालतात आणि मरणारी पेशी विचित्र आकडे देते. काही रेणू नर1ला न शिवता त्याच्या जोडीदाराला चालवतात: नर1 अनेकदा आरएक्सआर या दुसऱ्या रिसेप्टरसोबत जोडीने बसतो आणि आरएक्सआरला चिकटणारा रेणू त्या जोडीतून काम करवून घेतो.

म्हणून त्याच प्लेटवर पहारेकरी ठेवावे लागतात. गॅल4ला नर1ऐवजी कायम चालू राहणारा विषाणूचा तुकडा जोडून तीच चाचणी करायची. रेणू तिथेही उजेड वाढवत असेल तर तो नर1चा नाही. काजव्याऐवजी वेगळ्या प्राण्याचं एन्झाइम वापरून पुन्हा मोजायचं. मग पेशी बाजूला ठेवायच्या आणि शुद्ध प्रथिनावर बघायचं: रेणू टाकल्यावर प्रथिन वितळण्याचं तापमान सरकतं का, चिकटताना किती उष्णता सुटते, एनएमआरमध्ये कोणत्या अमिनो आम्लांचे ठिपके हलतात. हे शेवटचं काम कंटाळवाणं आणि महागडं. नेमकं तेच अनेक निबंधांत गाळलेलं असतं.

बारातले तीन

2015 साली सिंगापूर आणि अमेरिकेतल्या गटांनी मान्यताप्राप्त 960 औषधं नर1वर तपासली आणि तीन हिट मिळाले. त्यातली दोन आपल्या ओळखीची: मलेरियाची क्लोरोक्विन आणि अमोडायाक्विन. पार्किन्सनसारखी अवस्था आणलेल्या मोठ्या उंदरांना (रॅट) अमोडायाक्विनने गुण आला. बातम्याही झाल्या. पण ही औषधं नर1ला जाग आणायला मायक्रोमोलरमध्ये (द्रावणातल्या प्रमाणाचं माप; त्याचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमोलर), तेही वीस किंवा त्याहून जास्त लागतात. इस्ट्रोजेन आपल्या रिसेप्टरला याच्या हजारोपट कमी प्रमाणात, नॅनोमोलरमध्ये किंवा त्याहूनही कमीत चालवतं. एवढ्या प्रमाणात ओतली की ही औषधं पेशीच्या कचरा-निर्मूलनाच्या पिशव्यांमध्येही गोंधळ घालतात. मग गुण कशाने आला, हे एका प्रयोगावरून सांगणं कठीण.

2020 साली डग्लस कोजेटिन यांच्या गटाने एक रुक्ष पण मोलाचं काम केलं. नर1 आणि त्याच्या भावंडांचे रेणू म्हणून निबंधांत नावाजलेले बारा पदार्थ घेतले आणि ते नर1च्या रेणू धरणाऱ्या भागाला खरोखर चिकटतात का, ते थेट तपासलं. तीनच चिकटले: अमोडायाक्विन, क्लोरोक्विन आणि सायटोस्पोरोन-बी. उरलेले नऊ पेशीत काहीतरी करत असतील, पण त्या भागाला धरून नव्हे. त्या नऊ रेणूंच्या जोरावर 'नर1 अमुक रोगात असं करतो' असे निष्कर्ष काढलेले निबंध आजही वाचले जातात आणि त्यांचे दाखले दिले जातात. मला या क्षेत्रातली सगळ्यात चिंतेची गोष्ट हीच वाटते. चुकीच्या रेणूने काढलेला निष्कर्ष रेणू बाद झाल्यावरही वाङ्मयात तसाच राहतो.

नर1 एकटा नाही. शरीराच्या घड्याळाशी जोडलेल्या रेव-अर्ब या रिसेप्टरला हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, चिकटतो हे 2007 साली कळलं. मग 2012 साली एसआर9009 हा रेणू आला. उंदरांच्या धावण्याची क्षमता वाढली, 'व्यायामाची गोळी' असं नाव पडलं आणि मान्यता नसताना तो ऑनलाइन विकला जाऊ लागला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीतही तो आहे. 2019 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रेव-अर्बची दोन्ही रूपं काढून टाकलेल्या पेशींवर तोच रेणू टाकला, तर त्या पेशींची वाढ आणि चयापचय तरीही बदलले. रिसेप्टर नाही आणि परिणाम आहे! म्हणजे एसआर9009ची कामगिरी रेव-अर्बच्या खात्यावर किती मांडायची, हे नव्याने ठरवावं लागलं. व्यायामशाळेत कुणी ही पुडी पुढे केली तर ती कशावर काम करते हे विकणाऱ्याला ठाऊक नसतंच, शास्त्रज्ञांनाही पुरतं ठाऊक नाही. एक्ससीटी790 या रेणूचंही असंच झालं. ईआरआर-अल्फा या रिसेप्टरला खाली आणणारा म्हणून तो वर्षानुवर्षं वापरला गेला. पुढे कळलं की तो मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची, ऊर्जा थेट वाया घालवतो.

मग चांगला रेणू कोणता

यावर जगभरच्या रसायनज्ञांनी काही कसोट्या ठरवल्या आहेत. 'केमिकल प्रोब' म्हणवून घ्यायचं असेल तर शुद्ध प्रथिनावर 100 नॅनोमोलरच्या आत काम व्हावं, कुळातल्या इतर सदस्यांपेक्षा निदान तीसपट जास्त ओढ असावी आणि पेशीत एक मायक्रोमोलरच्या आत लक्ष्यावर परिणाम दिसावा. सोबत एक जुळा रेणू लागतो: रचना जवळजवळ तीच, पण रिसेप्टरला न चिकटणारा. दोघांनी सारखाच परिणाम दिला तर तो रिसेप्टरचा नाही. या जुळ्याची मला फार किंमत वाटते. तो बनवायला फारसा खर्च येत नाही आणि महिनोन्महिन्यांची फसगत टळते.

तीसपट ओढीचा रेणू प्रत्येक रिसेप्टरला लगेच मिळणार नाही. तिथे दुसरी युक्ती वापरतात. एकाच रिसेप्टरला चालवणारे चार-पाच मध्यम दर्जाचे रेणू गोळा करायचे, पण त्यांच्या रचना एकमेकांपेक्षा अगदी वेगळ्या हव्यात. प्रत्येकाच्या वाईट खोडी वेगवेगळ्या असतात. त्या सगळ्यांनी पेशीत एकच परिणाम दिला, तर त्या परिणामाचं मूळ त्यांच्यातल्या एकमेव समान गोष्टीत, म्हणजे रिसेप्टरमध्ये असण्याची शक्यता खूप वाढते. अशा संचाला केमोजिनोमिक संच म्हणतात. युरोपातला युबोपेन हा प्रकल्प 2020पासून असे संच जमवण्याच्या कामाला लागला. कंपन्या आणि विद्यापीठं त्यात एकत्र आली. त्यामागे टार्गेट 2035 नावाचा मोठा बेत आहे: त्या वर्षापर्यंत माणसाच्या बहुतेक प्रथिनांसाठी एक तरी भरवशाचा रेणू असावा आणि तो कुणालाही वापरता यावा. बेत अवाढव्य आहे. ठरल्या वर्षी पुरा होईल असं मला वाटत नाही, पण रेणू खुले ठेवण्याची अट मात्र मोलाची आहे.

नर1कडे परत येऊ. जर्मनीत डॅनिएल मर्क यांच्या गटाने अमोडायाक्विनच्या रचनेपासून सुरुवात करून एकेक तुकडा बदलत नर1वरची ताकद वाढवली आणि मलेरियाच्या औषधाचे बाकीचे गुणधर्म मागे सोडले. दुसऱ्या वाटेने त्यांना विडोफ्लुडिमस सापडलं. डीएचओडीएच या एन्झाइमला अडवण्यासाठी बनवलेलं हे औषध मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या चाचण्यांमध्ये होतंच. ते नर1लाही चालवतं असं दिसलं. त्यात फेरफार करून 2023 साली त्यांनी नॅनोमोलरमध्ये काम करणारा, प्राण्यांत वापरता येईल असा रेणू मांडला. ज्या रिसेप्टरला खोबणच नाही असं वीस वर्षांपूर्वी म्हटलं गेलं होतं, त्याच्यासाठी. याच गटाने संगणकाला रेणूंची 'भाषा' शिकवून नर1साठी नवे रेणू सुचवायलाही लावलं. शिकायला उदाहरणं मोजकीच असताना ते जमवणं हा त्यातला खरा प्रश्न होता. सुचवलेले रेणू शेवटी हाताने बनवून, वर सांगितलेल्या सगळ्या चाळण्यांतून न्यावेच लागतात.

बाकीच्या दुर्लक्षितांकडेही हळूहळू लक्ष जाऊ लागलंय. मेंदूतल्या मूळ पेशी जिवंत ठेवणाऱ्या टीएलएक्सला मर्क यांच्याच गटाने 2021 साली प्रोप्रानोलॉलने चालवून दाखवलं. हातांचा कंप, धडधड, अर्धशिशी यांसाठी डॉक्टर वर्षानुवर्षं लिहून देतात तेच हे प्रोप्रानोलॉल. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटाने ओलेइक आम्ल हा टीएलएक्सचा शरीरातलाच रेणू असल्याचं मांडलं. शेंगदाण्याच्या तेलात ते भरपूर असतं, पण त्यावरून फोडणीने मेंदू वाढतो असा निष्कर्ष कृपया काढू नये. डोळ्याच्या पडद्यातल्या पीएनआर या रिसेप्टरवर फोटोरेग्युलिन नावाचे रेणू आले आणि आनुवंशिक अंधत्व असलेल्या उंदरांमध्ये प्रकाशपेशी मरण्याचा वेग त्यांनी कमी केला. दुसरीकडे टीआर2, जीसीएनएफ अशी नावं आहेत ज्यांच्यासाठी वरच्या कसोट्यांना उतरणारा रेणू अजून हाताशी नाही.

अलीकडे एक वेगळा विचार पुढे येतोय. झाकण हलवण्याच्या फंदात न पडता रिसेप्टरच नष्ट करायचा. दोन टोकांचा रेणू बनवायचा. एक टोक रिसेप्टरला धरतं, दुसरं पेशीतल्या कचरा हटवणाऱ्या यंत्रणेला, आणि यंत्रणा रिसेप्टरचे तुकडे करते. इस्ट्रोजेन आणि पुरुषी संप्रेरकाच्या रिसेप्टरांवर असे रेणू माणसांच्या चाचण्यांपर्यंत पोचले आहेत. खोबण नसलेल्या रिसेप्टरांसाठी हे सोयीचं वाटतं, कारण इथे रेणूने रिसेप्टर चालवायची किंवा अडवायची गरज नाही, नुसतं कुठेही चिकटलं तरी चालतं. मात्र पहिल्या टोकासाठी त्याच रिसेप्टरला घट्ट आणि शक्यतो एकट्या त्यालाच चिकटणारा रेणू आधी लागतो. टीआर2 आणि जीसीएनएफचं घोडं सध्या तिथेच अडलंय.